मागे पाहणारा माणूस

मामाच्या गावी जायचं म्हटलं की मुलं आठ दिवस आधीपासून पिशवी भरायला घेतात. आमच्या चिरंजिवांनी मात्र या वेळी एकच प्रश्न विचारला, "आई, मामाच्या घरापासून समुद्र किती लांब आहे?"

माझा दादा चेन्नईत अड्यारला राहतो. मी म्हटलं, "चालत वीस-पंचवीस मिनिटं."

"मग मी घरीच बसेन," तो म्हणाला आणि पुस्तकात तोंड खुपसून बसला.

अकरा वर्षांचा हा मुलगा दिवाळीपर्यंत पाण्यातून बाहेर यायला तयार नसायचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात एका किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे बनाना राइड होती. पिवळ्या केळ्याच्या आकाराची हवा भरलेली लांबलचक नळी, तिच्यावर घोड्यावर बसावं तशी सहा माणसं आणि पुढे दोरीने ओढणारी मोटारबोट. ह्यांच्याबरोबर चिरंजीवही बसले. परतताना बोटवाल्याने "मजा म्हणून" गर्रकन वळण घेतलं आणि केळं उलटवलं. सगळे पाण्यात पडले. हसत-खिदळत डोकी वर आली. ह्यांनी मोजली, तर पाचच! सहावं डोकं कुठेच दिसेना. बोटीत बोटवाला एकटा. तो समोरच्या बाजूच्या माणसांना वर ओढत होता. इंजिन चालूच होतं.

मुलगा उलटलेल्या केळ्याखाली सापडला होता. जॅकेट त्याला वर ढकलत होतं आणि वर रबराचं छत! कसाबसा तो पलीकडून बाहेर आला. जॅकेटची एक क्लिप तुटलेली, तिथे सुतळी बांधलेली. जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं होतं. सारा प्रकार मिनिटभराचा असेल. पण त्या मिनिटाने आमच्या मुलाचं पोहणं सुटलं. पोहण्याच्या क्लासचं नाव काढलं की त्याचं पोट दुखू लागे.

अशा मुलाला घेऊन आम्ही एप्रिलअखेर, परीक्षा संपल्यावर अड्यारला पोहोचलो.

नदी, पूल आणि वडाचं झाड

अड्यार हे चेन्नईच्या दक्षिण भागातलं जुनं उपनगर. ज्या नदीवरून त्याला नाव मिळालं, ती अड्यार नदी इथेच बंगालच्या उपसागराला मिळते. शहरातून येता येता तिने बरीच घाण पोटात घेतलेली असते, वासही येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही मुखाजवळची तिची खाडी देखणी आहे. उथळ पाणी, चिखलात उभे असलेले बगळे, पलीकडे कोळ्यांची वस्ती. अशा वस्तीला इथे 'कुप्पम' म्हणतात. उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की समुद्र तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा घालतो. आपल्या कोकणातल्या लहान खाड्यांसारखंच!

नदीच्या दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीची सुमारे अडीचशे एकरांची बाग आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १८८२ मध्ये इथे मुख्यालय आणलं. अ‍ॅनी बेझंट इथल्याच, म्हणून शेजारच्या वस्तीचं नाव बेझंट नगर. बागेतला साडेचारशे वर्षांचा म्हणतात तो वड पाहण्यासारखा आहे. त्याचं मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळलं, पण पारंब्यांनी जमीन धरलेली असल्यामुळे झाड उभंच राहिलं. बाग पाहण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. आधी चौकशी करूनच जावं.

दादाच्या शेजारी एक तंजावुरी आजोबा राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, घरात अजून मराठी बोलतात. त्यांच्या बोलण्यात जुने मराठी शब्द आणि तमिळ हेल असा काही गोड मिलाफ असतो की ऐकत बसावं. त्यांनीच पहिल्या दिवशी चिरंजिवांना जवळ घेतलं. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामीची लाट या किनाऱ्यावर कशी चढली आणि २०१५ च्या डिसेंबरात हीच नदी फुगून घराघरांत कशी शिरली, हे सांगितलं. मला वाटलं, झालं! आता हा आणखी घाबरणार. पण आजोबा शेवटी म्हणाले, "पाण्याचं भय असावं बाळा. भय गेलं की मनुष्य बावळटपणा करतो. पण भयानं पाणी सोडू नये."

उलटे बसलेले वल्हेकरी

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाने आम्हाला उठवलं आणि कोट्टूरपुरमच्या पुलावर नेलं. नदीवर धुकट उजेड होता. तेवढ्यात पुलाखालून एक अरुंद, लांब होडी सरसर निघून गेली. मद्रास बोट क्लबचे वल्हेकरी सराव करत होते. १८६७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब आजही अड्यारच्या पाण्यावर होड्या वल्हवतो.

"मामा, ते उलटे का बसलेत?" चिरंजिवांनी विचारलं. घरातून निघाल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द!

"वल्हं जोरात ओढायचं तर पाठ पुढे करूनच बसावं लागतं. होडी कुठे चाललीय ते त्यांना दिसत नाही. म्हणून एकजण पुढे तोंड करून बसतो. सुकाणू त्याच्या हाती. बाकीचे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून वल्ही मारतात."

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या बोटवाल्याच्या मागे कोणी बघतच नव्हतं."

सहा महिन्यांनी त्याने स्वतःहून तो विषय काढला होता. दादा चटकन म्हणाला, "बरोबर पकडलंस. इथे पुढे बघणारा लागतो. दोरीने माणसं ओढायची असली की मागे बघणारा लागतो. बोट चालवणाऱ्याला दोन्हीकडे बघता येत नाही. त्याने मागे मान वळवली तर समोरची होडी दिसणार नाही, समोर पाहिलं तर मागचा पडलेला दिसणार नाही. तो माणूस नसेल, तर राइडच घ्यायची नाही."

दादा कॉलेजच्या दिवसांत बोटींच्या नादी होता, त्यामुळे त्याच्याकडे हे ज्ञान भरपूर. पुलाच्या कठड्याला टेकून त्याने गंमतही सांगितली. पाण्यावर फळ्यांवर उभं राहून बोटीमागे घसरत जाण्याचा हा खेळ १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलाने शोधून काढला. राल्फ सॅम्युएलसन त्याचं नाव. पाइनच्या लाकडाच्या फळ्या, उकळत्या पाण्यात घालून वाकवलेली त्यांची टोकं आणि दोरी म्हणून कपडे वाळत घालण्याची दोरी! बिचारा कितीतरी वेळा पडला, तेव्हा कुठे उभा राहिला.

गोफणीतला दगड

घरी येऊन वहिनीच्या हातची इडली खाताना प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. केळं उलटतं कसं? वळणावरच लोक का पडतात?

दादाने विचारलं, "गोफण पाहिलीस? शेतात पाखरं हाकायला फिरवतात ती? हात थोडासाच फिरतो, पण दोरीच्या टोकाचा दगड केवढ्या वेगाने जातो! बोट म्हणजे हात आणि तू म्हणजे दगड. बोट वळते तेव्हा मागचं केळं किंवा टायर बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि बोटीपेक्षा जास्त वेगाने धावतं. बोटवाल्याला वाटतं, मी हळू चालवतोय. बसलेल्याचा मात्र जीव वर येतो."

वेगात आपटलं तर पाणीही जमिनीसारखं कडक लागतं. केळ्यावर सहाजण एकमेकांना खेटून बसलेले असतात. उलटताना एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर, एकाचं कोपर दुसऱ्याच्या डोळ्यावर. दुखापती बहुधा अशा होतात. म्हणून मुलं असतील तर वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वर नको. मोठ्यांनाही तीस पुष्कळ झाला. आणि बसण्याआधीच स्पष्ट सांगावं, "उलटवायचं नाही." यात लाजायचं काही नाही. पैसे आपण देतो, जीवही आपलाच असतो.

दोरीचं तर वेगळंच शास्त्र आहे. माणसांच्या संख्येप्रमाणे दोरीची ताकद लागते. अमेरिकेतल्या जलक्रीडा उद्योगाच्या नियमांप्रमाणे एका माणसाला ओढणारी दोरी निदान सुमारे ६८० किलोंचा ताण सोसणारी हवी आणि चौघांना ओढणारी सुमारे १,८६० किलोंचा. बोट हिसका देते तेव्हा ताण माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, म्हणून हे आकडे एवढे मोठे. दोरी तुटली की तिला गाठ मारून पुन्हा वापरायची, ही आपल्याकडची काटकसर इथे घातक ठरते. गाठीने दोरीची ताकद जवळजवळ निम्मी होते. ऊन आणि खारं पाणी तिला आतून खातं ते निराळंच. तंतू सुटलेली, रंग उडून कडक झालेली दोरी दिसली की पाय मागे घ्यावा. ताणलेली दोरी तुटली तर चाबकासारखी मागे येते. आणि दोरी हाताला किंवा पायाला कधीही गुंडाळू नये.

पॅरासेलिंगमध्ये तर माणूस हवेत असतो. मे २०१८ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंग करताना उंचावरून पडून पुण्याचा एक पंधरा वर्षांचा मुलगा दगावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागोआ किनाऱ्यावर दोरी तुटून एक जोडपं समुद्रात पडलं. त्यांनी लाइफ जॅकेट घातली होती, म्हणून वाचलं. त्याच महिन्यात अलिबागजवळ वरसोलीला दोन महिलांच्या बाबतीत तसंच घडलं. त्याही सुदैवाने वाचल्या. वारा जोराचा असेल, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसत असेल, तर त्या दिवशी पॅरासेलिंगचं नावही काढू नये.

किनाऱ्यावरचं पांढरं स्मारक

संध्याकाळी बेझंट नगरच्या इलियट्स बीचवर गेलो. चिरंजीव पाण्यापासून पन्नास पावलं दूरच राहिले. मुंबईला भरती-ओहोटीत पाणी चार-चार मीटर चढतं-उतरतं. इथे जेमतेम मीटरभर! त्यामुळे पाणी नेहमी तिथल्या तिथेच असल्यासारखं वाटतं आणि माणूस फसतो. पण किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पाय ओढून नेते. मरीना बीचवर तर इतके लोक बुडाले आहेत की तिथे समुद्रात उतरायला पोलिसांची बंदी आहे.

वाळूत एक पांढरं, कमानीचं स्मारक उभं आहे. मुलं भोवती पतंग उडवत होती, भाजलेली कणसं विकली जात होती. हे स्मारक श्मिट नावाच्या डॅनिश माणसाचं. ३० डिसेंबर १९३० रोजी दुसऱ्यांचे प्राण वाचवायला तो पाण्यात शिरला आणि स्वतः बुडाला. त्याच्या शौर्याची आठवण म्हणून ही कमान.

"म्हणजे वाचवायला जायचं नाही का?" मुलाने विचारलं.

अवघड प्रश्न होता. ह्यांनी उत्तर दिलं, "जायचं. पण रिकाम्या हाताने उडी मारायची नाही. बुडणारा माणूस घाबरलेला असतो, तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी ओरडायचं, मदत बोलवायची. मग दोरी, रबरी चाक, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेकायचं. श्मिटच्या हाती तेव्हा असं काही नसेल. आपल्या बोटीत ते असायलाच हवं."

तेवढ्यात तो पाण्याकडे दहा पावलं पुढे सरकला. मी काही बोलले नाही.

दोन बोटवाले

तिसऱ्या दिवशी ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघालो. वाटेत चित्रकारांचं गाव चोळमंडल लागतं. ते १९६६ मध्ये वसलं. पुढे मुट्टुकाडू. तिथे खाडीवर तमिळनाडू पर्यटन महामंडळाचं बोट हाऊस १९८४ पासून आहे. जवळच दक्षिणचित्र हे दक्षिणेतल्या जुन्या घरांचं सुरेख संग्रहालय आहे. मुलांना घेऊन अवश्य पाहावं.

आणखी पुढे खाडीच्या काठी टायरची राइड देणारे दोघं-तिघं दिसले. मोठा गोल फुगवलेला टायर, मागे दोन माणसं बसतील असा. पहिल्या बोटवाल्याला दादाने तमिळमधून विचारलं, "मागे कोण बघणार?" तो हसला. "मी आहे ना! आरसा आहे!" जॅकेटं पाहिली. तीनपैकी एकीची क्लिप तुटलेली. सुतळी तिथेही होती!

आम्ही नको म्हटलं. खरं सांगते, उन्हात एवढं लांब येऊन नको म्हणणं जड गेलं. दादाची मुलगी रडवेली झाली. बोटवाला पैसे कमी करू लागला. पण चिरंजिवांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या हातात मला कौतुक जाणवलं. दिवाळीत आम्ही हेच करायला हवं होतं.

दुसऱ्या ठिकाणी एक वयस्क बोटवाला होता. त्याने न विचारताच आपल्या पोराला हाक मारून बोटीत मागे तोंड करून बसवलं. जॅकेट घातल्यावर प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहिलं. जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल, बदलायचं. लहानांना पायांमधून जाणारा पट्टा. वहिनीला ओढणी काढून ठेवायला लावली, मला मंगळसूत्र आत घालायला लावलं आणि ह्यांना चष्मा काढायला. इंजिनाची किल्ली दोरीने स्वतःच्या मनगटाला अडकवली. तो बोटीतून पडला तर इंजिन आपोआप बंद! मग त्याने खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर. अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे आहे तोच वेग छान. गळ्यासमोरून आडवा हात म्हणजे थांब. डोक्यावर थोपटलं म्हणजे मला परत ने. आणि पाण्यात पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले, म्हणजे मी ठीक आहे.

"हात दिसले नाहीत तर?" चिरंजिवांनी विचारलं. दादाने ते तमिळमध्ये सांगितलं.

"तर काहीतरी बिघडलंय समजून मी लगेच येणार, तंबी," म्हातारा म्हणाला. "हळू येणार. तू मला दिसशील अशा बाजूने येणार. आणि जवळ आलो की इंजिन बंद. पंखा थांबल्याशिवाय कोणाला शिडीला हात लावू देत नाही."

मी विचारलं, "बसतोस का?"

त्याने मान हलवली. "नाही. मी अण्णांच्या मुलाशेजारी बसतो. मागे बघायला."

म्हणून टायरवर मी आणि वहिनी बसलो! पन्नाशीला टेकलेल्या दोन बायका. काठावरचे लोक हसले असतील, हसोत. बोट निघाली. खाडीचं पाणी शांत होतं, आजूबाजूला होडी नव्हती, काठ लांब होता. पहिल्या वळणावर टायर बाहेर फेकला गेला तेव्हा गोफणीचा अर्थ पुरता कळला. दुसऱ्या वळणावर माझे हात सुटले आणि मी पाण्यात!

नाका-तोंडात खारं पाणी, कानात गलका. आणि मग जॅकेटने अलगद वर उचललं. डोळे पुसले तर बोट दूर होती. तिच्या मागच्या टोकाला माझा मुलगा उभा राहायला बघत होता आणि पोरगा त्याला दंडाला धरून खाली बसवत होता. त्याचा आवाज पाण्यावरून आला, "आई पडली! आई पडली!"

मी दोन्ही हात डोक्यावर जोडले.

"ठीक आहे! ती ठीक आहे!" तो ओरडला. बोट वळली, हळूहळू जवळ आली, इंजिन बंद झालं आणि शिडीवर मला पहिला हात दिला तो त्यानेच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा इलियट्स बीचवर गेलो. श्मिटच्या कमानीपाशी चपला काढून चिरंजीव पाण्यात घोट्यापर्यंत उतरले. मग गुडघ्यापर्यंत. दर दोन लाटांनी मागे वळून तो आमच्याकडे पाहत होता. आम्ही तिथेच होतो, त्याच्याकडे बघत. जूनमध्ये त्याने पोहण्याच्या क्लासचा फॉर्म स्वतः भरला.

जाण्यापूर्वी

चेन्नईचा पावसाळा आपल्या उलट. तिथे मोठा पाऊस आणि वादळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात. त्या दिवसांत पाण्यातल्या खेळांचा बेत नको. जानेवारी ते मार्च उत्तम, एप्रिल-मेमध्ये ऊन फार. कोकणात जून ते ऑगस्ट समुद्रापासून लांबच राहावं.

महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि त्याखाली व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी दाखवा म्हणायला संकोच करू नका. बोटीत मागे पाहणारा माणूस, प्रत्येकाला मापाचं जॅकेट, गाठ नसलेली दोरी आणि फेकायचं रबरी चाक, या चार गोष्टी डोळ्यांनी पाहूनच बसा. बसताना आपली माणसं मोजा, उतरताना पुन्हा मोजा. बोटवाल्याने किंवा बसणाऱ्याने दारू घेतलेली असेल, किंवा अंधारून आलं असेल, तर परत फिरा. संकटात ११२, आणि समुद्रात मदत हवी असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा.